पाळीसमोरची बाजू

दिनांक २० फेब्रुवारी २०२५, गुरुवार.

मी उर्वशी मिथुन पचारे, वय ३४ वर्षे, शिक्षण बारावी, धंदा घरकाम व मजुरी, राहणार नवीन चिखलगुडा पुनर्वसन वसाहत, प्लॉट क्रमांक ४७, तालुका राजुरा, जिल्हा चंद्रपूर. माझे पती मिथुन बापूजी पचारे, वय ३८ वर्षे, यांच्या मृत्यूच्या चौकशीसाठी बोलावल्यावरून आज पोलीस स्टेशनला स्वतः आले व विचारल्यावरून सांगते ते असे.

शनिवार, ८ फेब्रुवारी रोजी मुलगी आचल, वय ११, हिची सकाळची शाळा होती. ती गेली. नळ आला, मी पाणी भरले. पतीला त्या दिवशी सुट्टी होती. ते चहा पिऊन घरातून गेले. दुपारी त्यांचे प्रेत वसाहतीच्या मागे असलेल्या बंद खदानीच्या पाण्यातून काढले. संध्याकाळी राजुऱ्याला दवाखान्यात नेले. दुसऱ्या दिवशी माती झाली.

घरी मी, पती, सासरे बापूजी आणि आचल असे चौघे राहत होतो. आम्ही मासोळी धरणाऱ्या ढिवर समाजाचे आहोत. जुने चिखलगुडा कोळशाच्या खदानीत गेले. आधी तलाव गेला, मग शेते, मग घरे. मागच्या मे महिन्यात आम्ही ट्रॅक्टरवर सामान घालून नवीन वसाहतीत राहायला आलो. सासरे ट्रॅक्टरवर बसले नाहीत, मागून पायी आले.

वसाहतीतली सगळी घरे एका मापाची आणि एकाच पिवळ्या रंगाची आहेत. रस्ते सरळ आहेत. घरात नळ, संडास आणि फरशी आहे. आचल पहिल्या दिवशी फरशीवर गाल टेकवून झोपली. मला पण घर आवडले होते. जुन्या गावात मी पाणी दोन ठिकाणांहून आणत होते.

सासऱ्यांना आपले घर ओळखू येत नसे. ते बाहेरून आले की दुसऱ्याच्या दारात जाऊन चप्पल काढत. नंबर वाचता येत नाही. म्हणून पतीने बाहेरच्या भिंतीला मोठा खिळा ठोकून त्यावर आपले फेकायचे जाळे टांगले. "बाबा, जाळं दिसलं का आपलं घर," असे त्यांना सांगितले. तेव्हापासून जाळे तिथेच होते. दुसरे काही काम त्याला उरले नव्हते.

पती जुन्या गावात मासोळी धरण्याचे काम करत होते. वसाहतीत आल्यावर ते खदानीच्या गेटवर ठेकेदाराकडे चौकीदार लागले. काम कसे आहे असे मी विचारले तर म्हणत, "गाड्या येते, गाड्या जाते. मी पाहून राह्यलो." त्यांचे बोलणे कमी झाले होते हे खरे आहे. सुट्टीच्या दिवशी ते पायरीवर बसून राहत. एकदा म्हणाले होते, "इथी सकाळी उठून कुठी जाचं तेच समजत नाई." यावर मी काय बोलले ते मला आठवत नाही. दारू पीत नव्हते. होळीला थोडी घेत.

त्या दिवशी भांडण झाले का असे विचारल्यावरून सांगते की भांडण झाले नाही. झाले ते इतकेच. पतीने विचारले, "भाजी काय हाय वो?"

मी म्हटले, "आलू."

"कालबी आलूच होते ना."

"परवाबी होते. नळाले मासोऱ्या येत असत्या तं मीच धरल्या असत्या. ढिवराच्या घरात देल्लं माह्या बापानं, अन आलू खाऊन राह्यली."

पती हसले. "थांब, त्या नळाले पायतोच मी आज," असे म्हणाले. ते हसले हे मी पक्के सांगते, कारण मी पाहिले. नंतर मी मागे कपडे धुवायला गेले. ते कधी बाहेर पडले ते पाहिले नाही.

थोड्या वेळाने शेजारच्या शकुबाई सासऱ्यांना हाताला धरून घेऊन आल्या. त्या हसत होत्या. म्हणाल्या, "उर्वशी, तुहा सासरा पाय वो, माह्या घरी येऊन पानी मागून राह्यला. मी म्हटलं, बापूजी, माह्या घरी एक म्हातारा हाय, दुसरा कुठी ठेवू?"

सासरे हसले नाहीत. ते भिंतीकडे बोट करून म्हणाले, "जाळं कुठी हाय? जाळं नाई तं मी घर कसा ओळखू?"

मी बाहेर येऊन पाहिले. खिळा रिकामा होता. जाळे गेले म्हणजे पती मासोळीला गेले हे मला समजले. आठ-नऊ महिन्यांत पहिल्यांदा ते जाळे खाली उतरले होते. मी घरात जाऊन लसूण सोलायला बसले.

दुपारी बकऱ्या चारणारा पोचू आत्राम धावत वसाहतीत आला. त्याने सांगितले की बंद खदानीच्या काठावर चप्पल, शर्ट आणि मोबाइल आहे, माणूस नाही. आम्ही सगळे तिकडे गेलो. चप्पल पतीची होती. शर्ट घडी करून ठेवला होता, मोबाइल त्याच्या आत होता. वसाहतीतला धनराज मेश्राम कमरेला दोर बांधून पाण्यात उतरला. दुसऱ्या वेळी त्याला पती सापडले. त्यांच्या डाव्या मनगटाला जाळ्याच्या दोरीचा फास होता आणि जाळे खाली दगडात अडकले होते. धनराजने जाळे कापून त्यांना वर आणले. पोलीस नंतर आले.

पतीला पोहता येत होते. तरी ते बुडाले कसे, असे हवालदार साहेबांनी विचारले. मनगटाला वजनाचे जाळे बांधून, कपडे काढून ठेवून, त्यांनी स्वतःच उडी घेतली असावी असे लोकांचे म्हणणे आहे, असेही सांगितले. सासऱ्यांच्या जबाबातही तसेच आहे असे सांगितले. त्याबद्दल माझे म्हणणे असे आहे.

फेकायच्या जाळ्याची दोरी मनगटालाच बांधतात. नाही बांधली तर जाळे हातातून जाईल. जाळ्याच्या घेराला शिशाच्या गोळ्या असतात, त्या सगळ्याच जाळ्यांना असतात. पाण्यात उतरताना शर्ट काढून घडी करून ठेवणे ही पतीची रोजची सवय होती. पोचूने साहेबांना सांगितले की पती खूप वेळ काठावर उभे राहून पाण्याकडे पाहत होते. ते बरोबर असेल. मासोळी कुठे हलते, बुडबुडे कुठे येतात, हे पाहिल्याशिवाय पती जाळे फेकत नव्हते. लग्नानंतर पहिल्यांदा मी त्यांच्यासोबत तलावावर गेले तेव्हा त्यांना बरे नाही असे मला वाटले होते, इतका वेळ ते उभे होते.

ते ज्या बाजूने उतरले त्याबद्दल सांगते. आमच्याकडे तलावाला एका बाजूने मातीची पाळ असते. पाळीजवळ पाणी खोल असते. पाळीच्या समोरची बाजू उथळ असते, कारण तिकडून पाणी येते. तिथे गुडघ्याएवढ्या पाण्यात कितीही लांब चालत जाता येते. ढिवर नेहमी त्या बाजूने उतरतो. लहान मुलांनाही तिथूनच उतरवतात. खदानीच्या पाण्याच्या एका बाजूला मातीचा मोठा ढिगारा आहे. त्यावर झाडे उगवली आहेत. लांबून तो तलावाच्या पाळीसारखाच दिसतो. पतीची चप्पल त्या ढिगाऱ्याच्या बरोबर समोरच्या काठावर होती. तिथे दोन पावले पाणी घोट्याएवढे आहे. त्याच्या पुढे खदान सरळ खाली कापलेली आहे. धनराजने दोर सोडला तेव्हा सगळा दोर आत गेला, तळ लागला नाही. जिथे ते सापडले तो मध्येच निघालेला दगडाचा एक टप्पा होता.

म्हणून माझे म्हणणे आहे की पतीने खदानीला तलाव समजले. ते मासोळी धरायला उतरले आणि त्यांची चूक झाली.

हवालदार साहेब म्हणाले, "तुमचे सासरे तं म्हनते का असी चूक त्याच्यानं होतच नाई."

हे खरे आहे. सासरे घरीही तसेच म्हणतात. दहाव्याच्या दिवशी मी त्यांना वर लिहिले आहे तसे सर्व समजावून सांगितले. त्यांनी ऐकून घेतले. मग म्हणाले, "माह्या पोराले पानी समजत नव्हतं, असं सांगनार हाय का तू पोलिसाले?"

मी म्हटले, "मामाजी, ते तलावाचं पानी नव्हतं."

"पानी पानीच असते. सात वर्साचा होता तवापासून थो उतरते. त्याच्या मनात नसतं तं थो बुडला नसता. जाचं होतं म्हनूनच गेला."

"मंग आचलले काय सांगू?"

त्या दिवसापासून ते माझ्याशी बोलत नाहीत. माझ्या हातचे जेवतात. त्यांचा माझ्यावर राग आहे म्हणून त्यांनी खोटा जबाब दिला असे माझे म्हणणे नाही. त्यांना तसेच वाटते. आता ते घराबाहेर पडत नाहीत, त्यामुळे घर चुकत नाहीत.

आचलला शाळेत मुलांनी सांगितले की तुझ्या बापाने जीव दिला. ती घरी येऊन मला म्हणाली, "आई, बाबाले नवीन घर आवडत नव्हतं तं आपून वापस गेलो असतो ना." जुन्या गावाच्या जागेवर आता खोल खड्डा आहे हे तिला माहीत आहे. तिने तो पाहिलेला आहे. मी तिला म्हटले की बाबा मासोळी आणायला गेले होते. तिने विचारले, "कोन सांगतलं?" मी सांगितले की पोलीस लिहून देतील. त्यासाठी मी आज आले आहे.

हवालदार साहेब म्हणाले, "बाई, असं लिवलं तरी का अन तसं लिवलं तरी का, मानूस वापस येते का?"

मी म्हटले, "नाई येत. पोरगी रोज शाळेत जाते, साहेब."

साहेब म्हणाले की चौकशीत जे निघेल ते निघेल, माझे म्हणणे लिहून घेतले आहे. पती मासोळीच धरत होते याचा काही पुरावा आहे का, असे त्यांनी विचारले. मी विचार करून सांगते म्हटले.

इथपर्यंतचा मजकूर साहेबांनी मोठ्याने वाचला व नंतर मी स्वतः वाचला. मी सांगितले तसेच आहे. कोणी शिकवले नाही, कोणाची भीती नाही. सही करण्याआधी पुढील जास्तीचा मजकूर माझ्या सांगण्यावरून जोडला आहे.

पतीच्या कमरेला मासोळी ठेवायची थैली होती. प्रेत काठावर ठेवल्यावर धनराजने ती सोडून माझ्या हातात दिली. तेव्हा पोलीस आलेले नव्हते. थैलीत तीन मरळ होत्या. ही गोष्ट मी आजपर्यंत कोणाला सांगितली नाही, कारण कोणी विचारले नाही आणि ती सांगण्यासारखी आहे हे मला समजले नाही. धनराज माती झाल्यावर तेलंगणात मिरची तोडायला गेला आहे. त्याचा फोन लागत नाही. थैली मी धुऊन टाकली. मासे हजर करता येत नाहीत, कारण घरात सुतक होते, चूल पेटली नाही, आणि शकुबाईंनी दुसऱ्या दिवशी ते पातेले बाहेर नेऊन ओतले.

पातेल्यात मासे कोणी घातले, असे साहेबांनी विचारले. मी घातले. संध्याकाळी सगळे पुरुष प्रेतासोबत राजुऱ्याला गेले होते. आचलला शकुबाईंनी आपल्या घरी नेले होते. सासरे दारात बसले होते. मी थैली उघडली तर तिन्ही मरळ जिवंत होत्या; ही मासोळी पाण्याबाहेरही खूप वेळ जगते. त्यांना सोडायला जवळ दुसरे पाणी नव्हते. मासोळी घरी आली की ती मीच साफ करते. मी मागच्या मोरीवर बसले. घरात गॅस असल्यामुळे बुळबुळ काढायला राख नव्हती, म्हणून त्यांना सिमेंटवर घासले. खवले काढले, चिरल्या, तीन पाण्यांनी धुतल्या, मीठ-हळद लावली आणि पातेल्यावर ताटली झाकली.