पावसाळ्यासाठी जाड पुस्तकं

महाडच्या वाचनालयात रांगेत माझ्यापुढे पोलादपूरकडच्या वाडीतली एक बाई आणि मुंबईहून आलेली तिची पुतणी होती.

"काकी, महिन्याचं चॅलेंज आहे. पातळ पुस्तकं घेतली तर आपला वाचनगट पहिला येईल."

"पहिला येऊन काय करतेस? जाडजूड घे गो. वाडीमागच्या डोंगराला भेग पडल्यापासून आपण पावसात वाचतो ते रातभर जागं राहायला."

"मग कविता?"

"नको. गटातली गोदूबाई डुलक्या घेते."

"भुताच्या गोष्टी?"

"वाचणारी जरा थांबली की सगळ्या दाराकडं धावतात."

"विनोदी घेऊ? हसतील तरी."

"हसण्यात डोंगराचा आवाज कसा ऐकू येईल गो? एकीनं हळू वाचायचं, बाकीच्यांनी कान तिकडं ठेवायचा."

"मग खुनाची घेते. खुनी कळेपर्यंत कुणी झोपणार नाही."

"हां, ती घे. शेवट आधी वाचून कुणाला सांगू नकोस."

"काकी, आणि मधेच आवाज आला तर?"

"तर पुस्तक तिथंच टाकायचं. आधी पोरं उचलायची."

"आणि आजी? तिला तर चालवत नाही."

"तिला मी उचलीन. तू मागं वळून बघू नकोस."