प्रिंटरला मारलेली थाप

चहा गार होऊ दे, आधी हे ऐका! परवा माझा बंद पडलेला फोटो प्रिंटर चालू झाला, आणि तोही एका थापेवर.

आदल्याच दिवशी मी कॉम्प्युटरची सिस्टीम नवी करून घेतली होती. चूक माझीच असणार. भौतिकशास्त्रात पीएच.डी. आहे, पण ‘होय’ दाबण्याआधी मी नीट वाचलं होतं का, हे मला आजही सांगता येत नाही. दुपारी शेजारची रूपाली धावत आली. चाकणच्या कंपनीत तिची पहिलीच नोकरी, गेटपासला दोन फोटो हवेत, कंपनीची बस दोन वाजता, आणि फोटो स्टुडिओ एक ते चार बंद!

तिच्या मोबाइलमधला फोटो कॉम्प्युटरवर घेऊन मी प्रिंटची आज्ञा दिली. स्क्रीनवर उत्तर आलं, ‘प्रिंटरचं हे सॉफ्टवेअर या सिस्टीमवर चालत नाही.’

“रूपाली, तुझी नोकरी मी घालवली गं!”

“सरका काका.” तिनं सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये जाऊन एक टिक केली. “आता त्याला वाटेल, सिस्टीम जुनीच आहे.”

“म्हणजे आपण त्याला फसवायचं?”

“फसवायचं कुठं? जरा त्याच्या कलानं घ्यायचं.”

आणि प्रिंटर घरघरला! चकचकीत फोटो बाहेर आले! मी चक्क टाळ्या वाजवल्या.

दारात तिच्या हातावर दही ठेवत आमची ही म्हणाली, “अगं, रिटायर होऊन बारा वर्षं झाली, तरी मी यांना अजून ‘सर’च म्हणते. त्यावरच तर चालतात!”