लॅपटॉपच्या शेवटच्या नगाबाबत जबाब

दि. २१/०४/२००९

नाव नीलेश प्रभाकरराव चिद्दरवार, वय ३८ वर्षे, धंदा कॉम्प्युटर विक्री व दुरुस्ती, रा. आर्वी, ता. आर्वी, जि. वर्धा.

मी स्वतः ठाण्यात येऊन विचारल्यावरून सांगतो की, आर्वी येथे बसस्थानकाजवळ माझे कॉम्प्युटरचे दुकान असून ते मी नऊ वर्षांपासून चालवतो. गुलाब ताकसांडे, वय अंदाजे ५४, हे एसटी आगारात मेकॅनिक आहेत. त्यांना मी ओळखतो. त्यांची मुलगी नंदिनी नागपूरला आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमचे पूर्वीचे भांडण नाही.

मागील वर्षी ऑगस्ट महिन्यात गुलाबकाका मुलीसाठी लॅपटॉप घेण्यास आले. ते म्हणाले, "मले यातलं काई समजत नाई. पोरीले मोठमोठे नकाशे काढाचे आहेत. आगारात मले कोणी गाडीचं विचारलं त मी खरं सांगतो. तसं तुमी सांगा, हा टिकन काय?" मी म्हणालो, "बिनधास्त न्या, काका." तो माझ्याकडील त्या मॉडेलचा शेवटचा नग होता.

त्या मॉडेलमधील ग्राफिक्सची चिप, म्हणजे पडद्यावर चित्र उमटवणारा भाग, तापून खराब होते हे मला त्या वेळी माहीत होते. जून महिन्यात शाळेतील शिक्षिका कांता देऊळकर यांचा त्याच मॉडेलचा लॅपटॉप माझ्याकडे आला होता. आधी पडद्यावर उभ्या रेघा, नंतर सगळे काळे. कंपनीने महिनाभराने बोर्ड बदलून दिला. जुलैमध्ये नागपूरच्या डीलरने फोनवर सांगितले की, "त्या चिपचं काई खरं नाई, पडून असतीन ते काढून टाका." मी तो काकांना विकून काढून टाकला.

दि. ५ एप्रिल, रविवार रोजी दुपारी चारच्या सुमारास नंदिनीचा मोबाईलवर फोन आला. मी दुकानातच होतो. गिऱ्हाईक नव्हते. नंबर ओळखीचा होता. फोन तीन वेळा वाजला, मी उचलला नाही. कशासाठी असेल ते समजले होते आणि काय सांगावे ते सुचत नव्हते. उद्या करू म्हणून ठेवले. दुसऱ्या दिवशीही केला नाही.

नंतर समजले की, त्या दिवशी लॅपटॉपचा पडदा काळा झाला होता आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलेजात वर्षभराचे नकाशे द्यायचे होते. रविवार असल्याने नागपुरात तिला दुरुस्तीचे दुकान उघडे मिळाले नाही. पडद्यासोबत सगळे पुसले गेले, असे सोबतच्या मुलींनी तिला सांगितले व तिने ते खरे मानले. तसे नव्हते. चिप गेली तरी डिस्कवरचे काम शाबूत राहते. डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडली की मिळते. पंधरा मिनिटांचे काम आहे. फोनवर सांगता आले असते. तिचे वर्ष गेले.

आज सकाळी अकरा वाजता गुलाबकाका लॅपटॉप घेऊन दुकानात आले. रागात नव्हते. "पाहा बरं, काय झालं त," एवढेच म्हणाले. त्या वेळी कांता मॅडम प्रिंटरची शाई घेण्यास आलेल्या होत्या. लॅपटॉप पाहून त्या म्हणाल्या, "माझाही असाच गेलता ना, नीलेशभाऊ, जूनमध्ये. तुमीच त सांगितलं होतं, या मॉडेलची चिपच खराब आहे म्हणून."

गुलाबकाका म्हणाले, "जूनमंदी? म्या त ऑगस्टात नेला."

मी म्हणालो, "काका, बसा, चहा सांगतो."

त्यांनी उजवा हात काउंटरवर जोरात आपटला. काच फुटून तळहातात घुसली. मला त्यांनी हात लावला नाही, शिवी दिली नाही. शेजारच्या दुकानदाराने पोलिसांना फोन केला, मी नाही. त्यांना सरकारी दवाखान्यात मीच नेले. सात टाके पडले. डॉक्टरांनी महिनाभर पाना धरू नका म्हणून सांगितले आहे.

दुपारी मी लॅपटॉप उघडून डिस्क तपासली. सर्व नकाशे जसेच्या तसे मिळाले. दवाखान्यात जाऊन तसे सांगितले. गुलाबकाका म्हणाले, "आता?" नंदिनी तेथे होती. तिने विचारले, "भाऊ, त्या रविवारी तुमी दुकानात होते काय?" मी होतो म्हणून सांगितले. तिने वडिलांच्या खिशातला चष्मा काढून पुसला, त्यांच्या डोळ्यावर लावला आणि औषधाची चिठ्ठी घेऊन निघून गेली.

काच फोडण्याच्या इराद्याने त्यांनी हात मारला असे मला वाटत नाही. माझी त्यांच्याविरुद्ध तक्रार नाही. जून व जुलैची हकीकत जबाबात घेण्याची गरज नाही असे हवालदारसाहेबांनी सांगितले, परंतु ती माझ्या आग्रहावरून घेतली आहे.

हा जबाब मला मराठीत वाचून दाखवण्यात आला. "फोन लागला नाही" असे एके ठिकाणी लिहिले गेले होते. ते खोडून "फोन उचलला नाही" असे करून घेतले व खाडाखोडीजवळ सही केली. बाकी सर्व मी सांगितले तसेच आहे.

सही, नीलेश प्रभाकरराव चिद्दरवार