तळ्यापलीकडचा तंबू

अमेरिकेतल्या प्युएब्लो शहरातल्या सरकारमान्य गांजाच्या दुकानात रांग मुंगीच्या पावलांनी सरकत होती. नवऱ्याच्या गुडघ्यांसाठी मलम न्यायला आलेल्या नोरीनच्या पुढे एक लेक आणि तिचे वडील उभे होते. लेकीचं लग्न शनिवारवर आलं होतं.

“नाक मुरडू नका, पप्पा. पाहुण्यांसाठीचा गांजाचा तंबू मांडवापासून लांब, तळ्यापलीकडे आहे. प्रत्येक पुडीवर किती चढेल ते लिहिलंय, दाराशी वय तपासायला बाई आहे, घरी सोडायला बस आहे. केकात काही म्हणजे काही घातलेलं नाही.”

“छान. आता पाण्याचा टँकरही उभा कर.”

“केलाय! गवत किती वाळलंय, ठिणगी पडली तर?”

“सगळ्यांचा विचार केलास, मारिसोल.”

“मग तोंड का उतरलंय तुमचं?”

“दारिओचा फोन आला होता. तंबू कुठे आहे, विचारत होता.”

“त्याला विचारूनच ठरवलं मी. नशा सुटून वर्ष झालं, ताई, बिनधास्त कर, म्हणाला.”

“तुला तसंच म्हणणार तो. मला म्हणाला, चर्चमध्ये येतो आणि तिथूनच परत फिरतो. ताईला सांगू नका.”

“म्हणजे जेवायला, नाचायला...?”

“नाही येणार.”

“मग नकोच तो तंबू. आत्ता फोन करते.”

“कर. मग तो चर्चलाही यायचा नाही. माझ्यामुळे ताईच्या लग्नात विघ्न आलं, हेच धरून बसेल.”

“मग मी करू तरी काय, पप्पा?”

“पुढे सरक, बाळ. रांग गेली पुढे.”

मारिसोल जागची हलली नाही. मागचे लोक कुरकुरू लागले, पण नोरीनला काही तिला ‘चला’ म्हणवेना.