वाटाण्याएवढा तुकडा

—नाही, नाही, ते हाडाच्या आकाराचं बिस्किट खाली ठेवा, ताई. दिसायला गोड आहे, मान्य, पण तुमचं पिल्लू अजून दुधाच्या दातांचं, ते फोडता फोडता त्याचा दिवस मावळेल. शिकवायला खाऊ कसा हवा? तोंडात टाकला की गिळून मोकळा! ही घ्या, वाळवलेली कलेजी. वास घ्या. घ्या हो, मी दिवसभर घेतेच की! घाण वाटला ना? मग तोच चांगला. पण अख्खा तुकडा नाही द्यायचा—नखानं मोडायचा, वाटाण्याएवढा. कुत्रं तुकडा मिळाला एवढंच बघतं, केवढा मिळाला ते नाही. आणि ते बसलं की त्याच क्षणी द्यायचा, तुम्ही पिशवी उघडेपर्यंत ते उठलं तर त्याला वाटतं, उठल्याचंच बक्षीस मिळालं! आणि जितका खाऊ दिला तितकं जेवण कमी करायचं. हे मात्र लिहूनच घ्या. का हसतेय म्हणजे? अहो, मी तुम्हाला नाही हसत. सकाळपासून अशीच हसतेय. मघाशी एका गृहस्थांना मांजराची वाळू बांधून दिली—त्यांच्याकडे पोपट आहे!

सांगू? नको, दुकानदारानं गिऱ्हाइकाला असलं सांगू नये. सांगतेच. मागच्या गल्लीत घड्याळं दुरुस्त करणारे एकजण राहतात. बायको जाऊन सहा वर्षं झाली, एकटेच असतात. मीही एकटीच—आधी आईचं आजारपण, मग हे दुकान, मग म्हटलं, आता कशाला. तर त्यांचा एक कुत्रा आहे, तांबूस, एक कान पडलेला, गुंडू म्हणतात त्याला. रोज सकाळी दोघं समोरच्या फुटपाथवरून जायचे. समोरच्या! इकडे मान वळवायची नाही. वर्षभर बघत होते मी—कुत्र्याला हो, कुत्र्याला! बरं, दोघांना. एकदा गुंडू दोरीला हिसडा देऊन थेट आत आला, मी कलेजीचा एक तुकडा दिला, आणि काय सांगू ताई, दुसऱ्या दिवसापासून तो त्या बिचाऱ्याला रस्ता ओलांडून फरफटत आणायला लागला. "माफ करा हं, हा ऐकतच नाही," म्हणायचे. मी म्हणायची, "असू दे हो, मुकं जनावर." मनात म्हणायची, शाब्बास रे पठ्ठ्या!

मग माझ्या लक्षात आलं, गुंडूचं तोंड चालू आहे तोवर तो हलत नाही, आणि तो हलत नाही तोवर हे हलत नाहीत. झालं! तो काउंटरच्या आत माझ्या पायाशी बसायचा, हे बाहेर उभे राहून बोलायचे—कुठल्या घड्याळात धूळ गेली, कुणाच्या घड्याळात मुंगी—आणि मी खालून हळूच एकेक तुकडा सोडायची. वाटाण्याएवढा? छे! अख्खा. आधी दोन, मग पाच, मग आठ. ज्या दिवशी त्यांनी लहानपणीची गोष्ट सांगितली, त्या दिवशी तर पाकीटच संपलं. दिवसभर लोकांना सांगतेय, मोजून द्या, मोजून द्या—आणि स्वतः! लोकां सांगे ब्रह्मज्ञान.

तीन महिने हे असं. मग एक दिवस गुंडू लंगडत आला. चेहरा उतरलेला—गुंडूचा नाही, त्यांचा. म्हणाले, "डॉक्टर म्हणतात चार किलो वजन वाढलंय, मागच्या पायावर भार येतोय. मला कळत नाही हो, मी घरी मोजून देतो. आता तर जेवण निम्मं केलंय. रिकाम्या ताटलीसमोर बसून राहतो माझ्याकडे बघत." माझ्या हातात तेव्हाही तुकडा होता, ताई. खाली गुंडू वाट बघत होता. गप्प राहता आलं असतं की! पण ती ताटली डोळ्यांसमोरून हलेना. म्हटलं, "मीच देत होते. रोज. तुम्ही थांबावं म्हणून." त्यांनी दोरी उचलली, गेले.

तीन आठवडे! पुन्हा समोरचा फुटपाथ. गुंडू इकडे ओढायचा, ते तिकडे ओढायचे, आणि मी इथे पिंजऱ्यांमागे तोंड लपवून उभी. धाकटी बहीण म्हणाली, "गुडघ्याला बाशिंग बांधून बसली होतीस, सोड आता." मी म्हटलं, सोडलं. कुठलं सोडतेय!

आणि आज सकाळी शटर वर करते तर हे उभे. एकटे. म्हटलं, "गुंडू कुठाय? पाय जास्त दुखतोय का?" तर म्हणाले, "पाय बराय त्याचा. किलोभर उतरलाय. मुद्दाम घरी ठेवून आलो. कुणी ओढल्याशिवाय मी इथवर येतो का, ते बघायचं होतं." आणि मग काय म्हणाले असतील? म्हणाले, "तीन महिने त्याला इतकं खायला घातलंत, मला एकदा चहा विचारला असता तरी थांबलो असतो!" मी हसायला लागले ती थांबेचना, रडायलाही लागले मध्येच, ते रुमाल शोधतायत, त्यांच्या खिशातून नुसते घड्याळांचे पट्टे निघतायत! मग घसा खाकरून म्हणाले, "संध्याकाळी घर बघायला या." मी म्हटलं, "बघायला म्हणजे?" तर जमिनीकडे बघून म्हणाले, "राहण्याच्या दृष्टीनं."

मी हो म्हटलं, ताई. या वयात, अशी, उभ्या उभ्या! बहिणीलाही अजून सांगितलं नाही, आणि तुम्हाला—तुमचं नावसुद्धा विचारलं नाही मी. जाऊ दे. पिल्लाला चॉकलेट नको, द्राक्षं नकोत, मनुके नकोत, कांदा तर अजिबात नको, आणि— अगंबाई. ते बघा. समोरून येतायत. साडेपाचला न्यायला येतो म्हणाले होते हो, अजून तर साडेचारही वाजले नाहीत! घड्याळवाला माणूस, आणि तासभर आधी? केस बरे आहेत का माझे? खोटं सांगू नका. बरं, हे पाकीट धरा, पिल्लू सांभाळा, आणि निघा. अहो, हसताय काय—निघा ना!