अटकेचं कारण

(कर्जतच्या कोर्टाचा व्हरांडा. पोशीरचा नामा नुकताच सुटलाय. सोबत बायको जयवंता आणि वकील नाझिया.)

नामा : पण वकीलबाई, मी जनरेटर चोरला नाय, म्हणूनच सुटलो ना?

नाझिया : नाही. चोरीबद्दल कोर्ट अजून काही बोललेलंच नाही. का धरलं ते पोलिसांनी सांगितलं नाही, म्हणून सुटलात.

जयवंता : मंजे चोरला असता तरी सुटले असते?

नाझिया : या मुद्द्यावर, हो.

जयवंता : अजबच हाय तुमची राज्यघटना. माणूस कसा हाय ते इचारतच नाय.

नाझिया : मुद्दामच विचारत नाही.

नामा : पण हवालदारांनी सांगितलं व्हतं की. म्हणाले, 'तुला माहीत हाय काय केलंस ते.'

नाझिया : मग?

नामा : एवढा मोठा माणूस सांगतोय, तर असंल. आठवत बसलो. शेजारच्या शेतातल्या हरेशचा बांध कोरला, ते सांगितलं. लावणीला त्याचं पाणी वळवलं, तेबी. ते म्हणाले, 'आणखी?' मंग सासऱ्याची कोंबडी...

जयवंता : ती तुमी खाल्ली? माझा बा मरेस्तोवर मुंगसाला शिव्या देत व्हता!

नाझिया : नामाभाऊ, गप्प राहणं हासुद्धा घटनेनं दिलेला हक्क आहे. पुढचं बोलायच्या आधी तो वापरा.

जयवंता : आन् वर सरकारी वकील म्हणतो, घरच्यांना कळवलं व्हतं! निलेशला, माझ्या दिराला, फोन आला. 'नामाला घेऊन चाललोय, त्याची भाकरी टाकू नका.' संपलं.

नाझिया : तुम्ही ते कोर्टात जसंच्या तसं सांगितलंत, तिथेच जिंकलो. न्यायाधीशांनी विचारलं, 'भाकरी टाकू नका, हे अटकेचं कारण कुठल्या कलमात बसतं?' सरकारी वकील चष्मा पुसत राहिले. अटकेचं कारण लेखी द्या, माणसाला समजेल अशा भाषेत द्या, असं वरच्या कोर्टानं बजावलंय. निकालांचा गठ्ठा आणला होता मी. उघडावाही लागला नाही.

जयवंता : ठाण्याच्या पायरीवर बसून मी इचारत व्हते, का धरलं? तर म्हणायचे, 'बाई, घरी जा.' आज तेच जजसाहेबांनी इचारलं, तर सगळे उभं राहून उत्तर शोधाया लागले.

नामा : परत धरतील का वो?

नाझिया : धरू शकतात. पण कारण लिहून, तुमच्या हातात देऊन. केस संपलेली नाही. ही अटक संपली.

नामा : मंग बरं झालं. आत्ताच फाटकापाशी हवालदार म्हणाले, गाडीत बसा.

जयवंता : गाडीत? कशापायी?

नामा : ते नाय सांगितलं.

जयवंता : अवो हवालदारसाहेब! इकडं या. ह्यांना गाडीत कशाला बसवताय?... घरी सोडायला? तोंडी नको. लिवून द्या.

नाझिया : जयवंताताई, गाडी तिकडेच चाललीय. खरंच सोडतील ते.

जयवंता : सोडतीलच की. मंग तसं लिवायला काय जातंय?

नामा : अगं, खिसे चाचपतायत बिचारे. वकीलबाईंचं पेन देऊ का?

जयवंता : नको. तुमी निवांत उभे रहा. शोधू द्या त्यांना.