सात नंबरची इस्त्री

मावशी: …त्या खोक्यावर बसू नकोस, त्यात कपबशा आहेत. इथे पलंगावर बस. आणि आधी सांग, लाँड्री बंद आहे ना आज? की दांडी मारून आलीस?

बारकी: बंद आहे, मावशी. वर्षाचा पहिला दिवस, एवढी सुट्टी दिली मालकांनी. काल मात्र पार पिट्ट्या पडला. सगळ्या शहराला एकाच संध्याकाळी कडक इस्त्रीचे कपडे हवे होते.

मावशी: दरवर्षीचंच आहे ते. दुसऱ्या दिवशी तेच कपडे डाग पडून परत येतात. खोली बदललीस म्हणे?

बारकी: बदलली. आता तिघी राहतो. एक दवाखान्यात कामाला आहे, एक बेकरीत. एक उठते तेव्हा दुसरी झोपते, त्यामुळे भांडायला वेळच मिळत नाही. खिडकी आहे, पण उघडली की हात समोरच्या इमारतीला लागतो.

मावशी: तरी खिडकी ती खिडकी. आणि कामाचं काय? अजून घड्याच घालतेस?

बारकी: नाही. इस्त्रीचं टेबल मिळालं. जूनपासून.

मावशी: कितवं?

बारकी: सात.

मावशी: माझं? मग आल्या आल्या सांगायचं नाही का? खिडकीजवळचं टेबल आहे, वाफ बाहेर जाते. उन्हाळ्यात किंमत कळेल तुला. फक्त उजवा पाय डुगडुगतो, खाली पुठ्ठा घालून ठेव.

बारकी: तुम्ही घातलेला पुठ्ठा अजून आहे… मावशी, हे काय चिकटवलंय सगळीकडे? शेगडीवर, नळावर, दारावर?

मावशी: चिठ्ठ्या. गॅस बंद केला का, नळ बंद केला का, किल्ली घेतली का. लेकीने लावल्यात. तिचं म्हणणं, इस्त्रीचं बटण बघायला विसरणारी बाई एक दिवस गॅस विसरेल. मला रागही येत नाही. एप्रिलमध्ये नवरीची ओढणी जाळली, ऑगस्टमध्ये दूध उतू गेलं. पूर्वीही जायचं, तेव्हा नुसतं दूध जायचं. आता आईचं डोकं जातं.

बारकी: डॉक्टरांना दाखवलंत?

मावशी: दाखवलं. त्यांनी चित्रं दाखवली, उलटे आकडे म्हणायला लावले, आणि म्हणाले, वयाच्या मानाने उत्तम आहे. मी त्यांना म्हटलं, एकतीस वर्षं इस्त्री फिरवलेल्या बाईने तापलेली इस्त्री रेशमावर टेकवली, ते तुमच्या चित्रांत कसं दिसणार? लेकीलाही ते पटलं. आणि खरं सांगू का, बारके? बटण रेशमावर ठेवूनच मी जेवायला गेले, हे मला आजही स्पष्ट आठवतं. त्याचीच जास्त भीती वाटते. न केलेलं आठवतं.

बारकी: म्हणून ही खोकी भरलीत?

मावशी: परवा जावई गाडी घेऊन येतोय. खोली सोडली. आता लेकीकडेच राहायचं. तिने सगळं समजावून सांगितलंय. एकटीने बाहेर पडायचं नाही, शेगडीपाशी जायचं नाही, नातीला उचलायचं नाही. मायेनेच बोलली, पण बोलली. तुझा चहा निवतोय. काय झालं? अशी काय बघतेस?

बारकी: मावशी, ते बटण मी फिरवलं होतं.

मावशी: कुठलं बटण?

बारकी: सात नंबरच्या इस्त्रीचं. त्या दिवशी. जेवणाच्या सुट्टीत. मला संध्याकाळी एकाला भेटायचं होतं आणि सुती झगा चुरगळला होता. बाकीच्या इस्त्र्या गार होत्या, तुमची तेवढी गरम होती. बटण सुतीवर नेलं, झगा कसाबसा फिरवला, तेवढ्यात मालकांची हाक आली. धावत गेले. बटण तसंच राहिलं.

मावशी: दुसरीच्या इस्त्रीला हात लावत नाही आपल्याकडे.

बारकी: नाही लावत. म्हणून तर तुम्ही परत आल्यावर बटण पाहिलं नाहीत. कोणीच पाहत नाही.

(मावशी उठून शेगडीपाशी जाते आणि पाठ करून उभी राहते.)

मावशी: मी मालकांना म्हटलं, माझंच चुकलं. तेव्हा तू माझ्या मागेच घड्या घालत होतीस.

बारकी: हो.

मावशी: सगळं ऐकलंस.

बारकी: हो. त्या दिवशी वाटलं, तोंड उघडलं तर काम जाईल. मला लागून महिनाच झाला होता. दुसऱ्या दिवशी सांगणार होते. पण मालक राहा म्हणत असताना तुम्हीच म्हणालात, माझ्या हातावर आता माझाच भरवसा नाही. आणि निघून गेलात. मग रोज उद्यावर ढकलत गेले. मग टेबल मिळालं. तुमच्या जिन्यापर्यंत दोनदा येऊन परत गेले.

मावशी: आज वर कशी आलीस मग?

बारकी: काल एक रेशमी ओढणी आली टेबलावर. बटण चार वेळा पाहिलं तरी इस्त्री टेकवता येईना. शेजारच्या टेबलावर दिली आणि पोट दुखतंय म्हणून सांगितलं.

मावशी: कोण होता तो? ज्याच्यासाठी झगा फिरवलास?

बारकी: आलाच नाही तो.

मावशी: निदान यायचं तरी होतं मेल्याने.

बारकी: उद्या लाँड्री उघडली की सगळ्यांसमोर सांगते, मावशी. टेबल तुमचं तुम्हाला परत देते.

मावशी: टेबलाचं कौतुक मला सांगू नकोस. काम आज ना उद्या सुटणारच होतं, गुडघे आधीच बोलायला लागले होते. आठ महिने रोज सकाळी उठून मी स्वतःची परीक्षा घेतेय. आज वार कोणता? नवऱ्याला जाऊन किती वर्षं झाली? वरच्या मजल्यावर कोण राहतं? सगळी उत्तरं बरोबर यायची, तरी वाटायचं, उद्या चुकेल. नात रडत हात पुढे करायची आणि मी माझे हात पदराखाली घ्यायचे. तिला काय वाटलं असेल? आजीला आपण नकोसे झालो?

बारकी: मला चार शिव्या तरी द्या.

मावशी: देईन. आत्ता सुचत नाहीत, आणि हे विसरणं नव्हे. तू असं कर, लेकीला फोन लाव.

बारकी: लावते. हा घ्या, तुम्ही बोला. मी जिन्यात थांबते.

मावशी: मी नाही. तू बोल.

बारकी: मी काय सांगू त्यांना?

मावशी: आत्ता मला सांगितलंस ते. झगा, बटण, मालकांची हाक, सगळं.

बारकी: त्या मला ओळखतही नाहीत, मावशी. तुमच्या तोंडून कळलं तर त्यांना बरं वाटेल.

मावशी: माझ्या तोंडून कळलं तर ती 'हो गं, आई' म्हणेल. आणि गाडी परवाच येईल.